कारखाना विकतांना कागद कोणत्या खोलींत ठेवावे?



आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकीं पुष्कळांना हंसूं येईल. ज्या मनुष्यानें सारा जन्म पाढे, शुद्धलेखन आणि हजेरीपट यांत घालविला, मॅट्रिकपलीकडे ज्याची मजल गेली नाहीं, त्यानें कंपन्यांच्या खरेदी-विक्रीविषयीं बोलावें, आणि तेंहि संगणकावरील एका खोलीविषयीं, हें अंमळ चमत्कारिकच आहे. परंतु निवृत्तीनंतर प्रसंग असा आला कीं, या खोलीच्या दाराशीं मला तब्बल अकरा महिने बसावें लागलें. तेथें बसून जें शिकलों, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम ही खोली म्हणजे काय तें पाहूं. एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेऊं पाहते, अथवा दोन कंपन्यांचें विलीनीकरण व्हावयाचें असतें, तेव्हां घेणाऱ्यास नुसती इमारत आणि यंत्रें पाहून भागत नाहीं. जमीन घेणारा मनुष्य जसा सातबारा, फेरफार आणि बोजा तपासतो, तसे यालाहि हिशेब, करार, कर्जाचे दस्तऐवज, कोर्टांतील दावे, करखात्याच्या नोटिसा आणि कामगारांचीं पगारपत्रकें तपासावीं लागतात. पूर्वीं अशा वेळीं विकणाऱ्याच्या वकिलाच्या कचेरींत एक खोली राखून ठेवीत. भिंतीला लागून कपाटें, कपाटांत फायली, आणि दाराशीं एक कारकून. घेऊं इच्छिणाऱ्यांचे वकील व हिशेबतपासनीस पाळीपाळीनें येत, वहींत सही करीत, फाईल मागून घेत, टिपणें काढीत आणि निघून जात. नक्कल करण्यास बहुधा मनाई असे. पुण्याच्या पेशवे दप्तरांत ज्यांनीं चिठ्ठी देऊन एखादा रुमाल मागविला असेल, त्यांना ही रीत समजावून सांगावयास नको. इंग्रजींत या खोलीस डेटा रूम म्हणत. पुढें इंटरनेट आलें आणि ही खोली संगणकांत गेली. अमेरिकेंत १९९६ सालीं स्थापन झालेली इंट्रालिंक्स ही या धंद्यांतील अगदीं आरंभींची कंपनी. अनेक बँका मिळून जें मोठें कर्ज देतात, त्याचे कागद वाटण्यासाठीं तिनें प्रथम ही सोय केली. आज अशा कंपन्या पुष्कळ आहेत आणि या खोलीस व्हर्च्युअल डेटा रूम असें लांबलचक नांव आहे. मी आपला तिला आभासी दप्तरखाना म्हणतों.

आतां माझा त्याच्याशीं संबंध कसा आला तें सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींत बिडाच्या ओतकामाचा कारखाना, म्हणजे तिकडे ज्याला फौंड्री म्हणतात ती, चालवीत असे. साठ-सत्तर कामगार; पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतून देण्याचें काम. घरांत पुढें चालविणारें कोणी नव्हतें, म्हणून २०१९ सालीं त्यानें कारखाना विकावयाचें ठरविलें. गिऱ्हाईक आलें तें त्याच्याच धंद्यांतलें. गोपनीयतेचा करार झाला, चहापाणी झालें, आणि यानें सगळे कागद इंटरनेटवरील एका साध्या सामाईक फोल्डरमध्यें टाकून त्याची किल्ली त्या गृहस्थांना पाठवून दिली. कोणत्या ग्राहकाला कोणता भाग किती रुपये किलोनें देतों, त्यावर खर्च किती पडतो, सारें त्यांत होतें. सात आठवड्यांनीं निरोप आला कीं, विचार तूर्त तहकूब. पुढच्या वर्षीं दोन जुन्या ग्राहकांना दुसरीकडून दर आले, ते याच्या दरांहून किलोमागें अगदीं थोड्या पैशांनीं कमी. त्यांतला एक ग्राहक गेला आणि रात्रपाळी बंद करावी लागली. त्या पाळींत माझ्या शाळेंतलीं तीन मुलें होतीं.

तो मला भेटावयास आला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, चोरी झाली असें मी म्हणत नाहीं. चोरी झाली कीं नाहीं हेंच मला ठाऊक नाहीं, याचें दुःख आहे." खरेंच होतें तें. त्या गृहस्थांनीं दरांचा कागद उघडला होता कीं नव्हता, कोणीं उघडला, उतरवून घेतला कीं काय, कांहींच सांगतां येत नव्हतें. बाजारांत लोखंड स्वस्त झालें म्हणूनहि दर कमी आले असतील. संशय घ्यावयालासुद्धां पुरावा लागतो, आणि तो त्याच्यापाशीं नव्हता.

अशी गत लहानांचीच होते असें नाहीं. अमेरिकेंत खडी आणि वाळू पुरविणाऱ्या दोन प्रचंड कंपन्या आहेत, मार्टिन मॅरिएटा आणि व्हल्कन. २०१० सालीं दोघींनीं गोपनीयतेचे करार करून विलीनीकरणाची बोलणीं चालविलीं व एकमेकींस आंतले कागद दाखविले. बोलणीं फिसकटलीं. पुढें डिसेंबर २०११ मध्यें मार्टिन मॅरिएटानें व्हल्कनच्या चालकांची संमति नसतां तिचे भाग मिळविण्यासाठीं उघड चढाई केली. डेलावेअरच्या न्यायालयानें मे २०१२ मध्यें असा निर्णय दिला कीं, मित्रत्वाच्या बोलण्यांत मिळालेली माहिती वापरून कराराचा भंग झाला आहे. आणि त्या चढाईस चार महिन्यांची मनाई केली. वरच्या न्यायालयानेंहि तो निकाल कायम ठेवला. व्हल्कनपाशीं निष्णात वकील होते, कागदोपत्रीं पुरावा होता, म्हणून तिला दाद मिळाली. आमच्या फौंड्रीवाल्यानें कोणत्या बळावर कोर्टाची पायरी चढावी?

२०२२ सालीं पुन्हां गिऱ्हाइकें आलीं; एक धंद्यांतलेंच, आणि दुसरें म्हणजे कारखान्यांत पैसा गुंतविणारी एक संस्था. या खेपेस तो म्हणाला, "गुरुजी, कागद तुम्ही लावून द्या. तुमच्यासारखी यादी कोणाला करतां येत नाहीं." स्तुतीला भुलून मीं होकार दिला. मग आम्हीं दोघांनीं चार-पांच कंपन्यांचे दप्तरखाने तपासले. त्यांचीं जाहिरातपत्रकें पाहिलीं तर सर्वांत एकच गोष्ट ठळक: आमचें कुलूप किती भक्कम, आमचे आंकडे २५६ बिटांच्या सांकेतिक लिपींत कसे बंद असतात, बाहेरचा चोर आंत कसा येऊं शकत नाहीं. हें सर्व ठीक आहे, आणि आतां बहुतेकांपाशीं तें असतेंहि. पण आमचें नुकसान जर झालें असेल, तर तें बाहेरच्या चोरानें केलें नव्हतें. आम्हीं स्वतः दार उघडून, पाट मांडून ज्याला आंत बसविलें त्या पाहुण्याकडून झालें होतें. म्हणून मीं मनाशीं एकच कसोटी ठरविली: जो गिऱ्हाईक सर्व पाहून शेवटीं न घेतांच परत जाईल, त्याच्या दृष्टीनें खोली निवडावयाची. तो जातांना काय घेऊन जाईल आणि काय पाहिलें याची नोंद आपल्यापाशीं काय राहील, एवढेंच विचारावयाचें.

ही कसोटी लावल्याबरोबर पहिला प्रश्न उभा राहतो तो टप्प्यांचा. सगळे कागद सगळ्यांना एका दिवशीं दाखवावयाचे नसतात. पहिल्या टप्प्यांत ताळेबंद, परवाने, यंत्रांची यादी. बोलणीं पुढें गेलीं म्हणजे करार. आणि ग्राहकांचीं नांवें व दर अगदीं शेवटीं, किंमत कागदावर आल्यावर. तोंवर ग्राहकांना 'अ', 'ब', 'क' म्हणावें. तेव्हां दप्तरखाना असा हवा कीं, ज्यांत प्रत्येक गटाला, आणि गरज पडल्यास एकेका माणसाला, एकेका कागदापुरता वेगळा अधिकार देतां येईल: याला दिसेल, त्याला दिसणारसुद्धां नाहीं, याला वाचतां येईल पण छापतां येणार नाहीं, त्याला उतरवून घेतां येईल. बहुतेक सर्व कंपन्या म्हणतात कीं, हें आमच्याकडे आहे. खरी परीक्षा निराळीच आहे. कागद एका खणांतून दुसऱ्या खणांत हलविला म्हणजे त्याचे अधिकार काय होतात? एका ठिकाणीं आम्हांला असें आढळलें कीं, हलविलेला कागद निमूटपणें नव्या खणाचे अधिकार घेतो. आम्हीं खोटे कागद घालून चाचणी करीत होतों म्हणून बरें. खरे असते तर दरपत्रक धंदेवाल्या गिऱ्हाइकापुढें उघडें पडलें असतें. हें आमच्या ध्यानांत आलें तें एका सोयीमुळें: "या खरेदीदाराच्या डोळ्यांनीं पाहा" असें एक बटण असतें. तें दाबलें कीं, त्या माणसाला खोली जशी दिसते तशी आपल्याला दिसते. हें बटण ज्या खोलींत नसेल, ती खोली इतर कितीहि चांगली असो, मी घेणार नाहीं.

धंद्यांतील प्रतिस्पर्धी हाच गिऱ्हाईक असेल तर याला कायद्याचीहि एक बाजू आहे. विक्री पुरी होईपर्यंत दोघे प्रतिस्पर्धीच असतात, आणि प्रतिस्पर्ध्यांनीं एकमेकांचे दर व बेत जाणून घेणें स्पर्धेच्या कायद्यास रुचत नाहीं. आपल्याकडे २००२ चा स्पर्धा कायदा आहे. युरोपांत ऑल्टिस या कंपनीनें पोर्तुगालची पी. टी. पोर्तुगाल ही दूरध्वनीची कंपनी घेतली, तेव्हां परवानगी मिळण्यापूर्वींच तिच्या कारभारांत हात घातला व नाजूक माहिती मिळविली, म्हणून २०१८ सालीं युरोपीय आयोगानें तिला १२ कोटी ४५ लाख युरो दंड केला. यावर तोड म्हणून मोठ्या व्यवहारांत एक निवडक मंडळ नेमतात. त्यांत बाहेरचे वकील आणि हिशेबनीस असतात, विक्रीखात्याचा माणूस कोणी नसतो. दर पाहावयाचे ते त्यांनींच, आणि आपल्या अशिलाला सांगावयाचा तो केवळ गोळाबेरजेचा निष्कर्ष. खोलीच्या आंत अशी दुसरी बंद खोली करतां येते कीं नाहीं, हें अगोदर विचारून घ्यावें.

दुसरा प्रश्न नोंदवहीचा, आणि माझ्या मतें हाच या साऱ्या खर्चाचा आत्मा. कोण, कोणत्या दिवशीं, किती वाजतां आंत आला. कोणता कागद, त्याचें कितवें पान, किती वेळ पाहिलें. छापलें काय, उतरवून घेतलें काय. ही नोंद आपोआप झाली पाहिजे, आपल्यालासुद्धां ती खोडतां येतां कामा नये, आणि शेवटीं ती सबंध आपल्या हातीं मिळाली पाहिजे. कांहीं ठिकाणीं नोंद पडद्यावर दिसते खरी, पण बाहेर काढून मिळत नाहीं. अशी नोंदवही म्हणजे परक्याच्या घरीं ठेवलेला हजेरीपट. या नोंदीचा एक अनपेक्षित उपयोगहि झाला. गुंतवणूक करणाऱ्या संस्थेच्या वकिलानें एका रविवारीं रात्रीं प्रदूषण मंडळाच्या परवानगीची फाईल तीन वेळां उघडली, असें सोमवारीं सकाळीं आम्हांला दिसलें. प्रश्न कोठून येणार हें आम्हांस तीन दिवस आधीं कळलें आणि उत्तर तयार ठेवतां आलें. परीक्षकाच्या हातची प्रश्नपत्रिका आधीं दिसावी, तसाच तो प्रकार. फरक इतकाच कीं, यांत लबाडी नव्हती.

येथें एक खुलासा करतों. ज्या कंपनीचे भाग शेअरबाजारांत विकले जातात, तिच्यावर सेबीचे २०१५ चे नियम लागू आहेत. अप्रसिद्ध व भावावर परिणाम करणारी माहिती कोणाकोणाला दिली, त्यांचीं नांवें पॅन क्रमांकासह वेळेनिशीं नोंदविणारी संगणकीय वही तिला स्वतःपाशीं ठेवावी लागते. १ एप्रिल २०१९ पासून हें बंधन आहे. दप्तरखान्याची नोंद तिच्या जागीं चालेल अशा समजुतींत कोणीं राहूं नये. आमच्या फौंड्रीला हा प्रश्न नव्हता.

तुम्ही म्हणाल, छापूं दिलें नाहीं तरी मोबाईलनें पडद्याचें छायाचित्र घेतां येतेंच कीं! येतें. त्याला कोणत्याहि कंपनीपाशीं पुरता उपाय नाहीं, आणि आहे असें जो सांगेल त्याच्यापाशीं फार वेळ बसूं नये. फक्त एवढें करतां येतें कीं, प्रत्येक पानावर पाहणाऱ्याचें नांव, तारीख आणि वेळ यांचा पुसट ठसा उमटत राहतो. छायाचित्रांत तो ठसाहि येतो, आणि पुढें तें छायाचित्र कोठें सांपडलें तर कोणाच्या पडद्यावरून निघालें हें कळतें. ठसा पानाच्या कोपऱ्यांत नसावा, मजकुरावरून तिरपा जावा. कोपरा कापतां येतो.

कागदांतील कांहीं मजकूर झांकावयाचा असतो, त्याविषयींहि सावध असावें. आमच्या पगारपत्रकांत कामगारांचे आधार क्रमांक आणि बँकेचीं खातीं होतीं. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो तेव्हां झालेला नव्हता. पण परक्याच्या लेकरांचे आंकडे तिऱ्हाइताला दाखवूं नयेत हें समजावयाला कायदा कशाला हवा? संगणकावर काळी पट्टी ओढली म्हणजे मजकूर झांकला असें वाटतें. जानेवारी २०१९ मध्यें वॉशिंग्टनच्या न्यायालयांत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनीं दिलेल्या कागदांत अशाच काळ्या पट्ट्या होत्या. वार्ताहरांनीं पट्टीवरचा भाग उचलून दुसऱ्या पानावर डकविला आणि खालचीं अक्षरें जशींच्या तशीं उमटलीं. चांगल्या दप्तरखान्यांत झांकलेला मजकूर फाईलींतून खरोखरच काढून टाकला जातो. आपण स्वतः उचलून डकवून पाहावें, म्हणजे खात्री होते.

आतां प्रशस्तिपत्रांकडे वळूं. प्रत्येक कंपनी आय. एस. ओ. २७००१ आणि सॉक २ अशीं दोन प्रमाणपत्रें पुढें करते. सॉक २ मध्यें दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला भेद मास्तरास जितका लवकर कळतो तितका दुसऱ्या कोणास कळणार नाहीं. पहिल्या प्रकारांत तपासनीस एका ठराविक दिवशीं व्यवस्था कशी आखलेली आहे तें पाहून अहवाल लिहितो. दुसऱ्या प्रकारांत कित्येक महिने ती व्यवस्था प्रत्यक्ष पाळली गेली कीं नाहीं, हें तपासलें जातें. आमच्या शाळेंत साहेब तपासणीला येणार असले म्हणजे आदल्या दिवशीं अंगण सारवलेलें, फळे काळे केलेले, आणि गैरहजर मुलें घरोघर जाऊन धरून आणलेलीं. त्या दिवसावरून शाळा जोखणाऱ्यानें जोखावी. मी तरी वर्षाचा हजेरीपट मागेन. तेव्हां दुसऱ्या प्रकारचा अहवाल मागावा, तो गेल्या वर्षभरांतला असावा, आणि तो कोणाच्या नांवाचा आहे हें वाचावें. एकानें आम्हांला जें प्रमाणपत्र दाखविलें, तें त्याच्या स्वतःच्या कंपनीचें नव्हतेंच. ज्या मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर तो जागा भाड्यानें घेऊन बसला होता, तिचें होतें. घरमालक पदवीधर असला म्हणून भाडेकरूहि पदवीधर ठरत नाहीं.

यापुढची गोष्ट मुंबईच्या किंवा लंडनच्या सल्लागाराला सुचणार नाहीं, पण आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. आमचे निम्मे कागद मराठींत होते: सातबारा, फेरफार, जुनीं खरेदीखतें, ग्रामपंचायतीचे दाखले. दप्तरखान्यांत शोध घेण्याची सोय असते. शब्द लिहिला कीं, तो ज्या कागदांत असेल ते कागद पुढें येतात. इंग्रजी कागदांत ती सुरेख चालते. मीं एका खरेदीखताची प्रतिमा चढवून "गट नंबर" असा शोध घेतला, तर तीन कंपन्यांच्या खोल्यांत कांहींहि सांपडलें नाहीं. एकींत सांपडलें, तेंहि छापील कागदांत, हस्तलिखितांत नाहीं. ज्यांचा व्यवहार देवनागरी कागदांवर उभा आहे, त्यांनीं ही परीक्षा घेतल्यावांचून सही करूं नये. आम्हांला शेवटीं प्रत्येक मराठी कागदाला इंग्रजींत चार ओळींचें टिपण जोडावें लागलें. त्यांत माझे दोन महिने गेले, आणि माझें इंग्रजी बरेंच सुधारलें.

मदतीसाठीं चोवीस तास माणूस मिळेल असें सर्वच सांगतात. रविवारीं रात्रीं अकरा वाजतां फोन करून पाहावा.

दाम हा विषय नाजूक आहे. कोणी पानांवर आकारणी करतात, कोणी साठ्याच्या मापावर, कोणी वापरणाऱ्यांच्या संख्येवर, तर कोणी महिन्याला ठोक रक्कम घेतात. पानांवर आकारणी ही जुन्या झेरॉक्सच्या दिवसांची आठवण. कागद थोडे असतील तर ती परवडते, पण खरेदीदार नवे कागद मागूं लागला कीं, बिल फुगतें आणि मग विकणारा पैसे वांचवावयास कागद दाखवावयाचे टाळूं लागतो. हें फार वाईट. मापावर आकारणी असेल तर प्रतिमा कशा काढल्या याला महत्त्व येतें. आमच्या कारकुनानें पहिले कांहीं गठ्ठे रंगीत आणि अतिबारीक दर्जानें काढले. आठवड्याच्या आंत ठरलेली मर्यादा भरत आली. तेच कागद साध्या करड्या रंगांत पुन्हां काढले तेव्हां माप कितीतरी खालीं आलें, वाचावयास कांहीं कमी झालें नाहीं. पण सर्वांत मोठी फसगत काळाची असते. तीन महिन्यांत व्यवहार उरकेल असें सर्वांनीं सांगितलें आणि लागले अकरा. तीन महिन्यांचा दर स्वस्त आणि चौथ्यापासून पुढचा महाग, असा कांहींचा डाव असतो. म्हणून दरपत्रक मागतांना बाराव्या महिन्याचा दर लेखी मागावा.

आणखी एक गंमत ऐका. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीसाठीं खोल्या भाड्यानें देणाऱ्या या कंपन्यांचीच खरेदी-विक्री सतत चालू असते. वर सांगितलेली इंट्रालिंक्स २०१७ सालच्या आरंभीं सिन्क्रोनॉस कंपनीनें घेतली, त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्यास विकली, आणि २०१८ मध्यें ती एस. एस. अँड सी. या कंपनीकडे गेली. ऑस्ट्रेलियाची अन्सारडा २०२४ सालीं डेटासाइटनें घेतली. आपले कागद खोलींत असतांना मालक बदलला तर दर, अटी आणि कागदांची जागा बदलणार नाहीं, असें करारांत लिहून घ्यावें.

इतकें सांगून झाल्यावर प्रामाणिकपणें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, प्रत्येकाला या खोलीची गरज नाहीं. गिऱ्हाईक एकच आहे, तें धंद्यांतलें नाहीं, कागद दोन-तीनशें आहेत, तर साध्या सामाईक फोल्डरमध्येंहि काम होतें. फक्त किल्ली नांवानिशीं एकेकाला द्यावी आणि सर्वांना उघडी ठेवूं नये. दोन गिऱ्हाइकें झालीं, किंवा त्यांत एक प्रतिस्पर्धी आला, कीं मात्र खर्चाकडे पाहूं नये.

आतांपर्यंत मी विकणाऱ्याच्या बाजूनें बोललों. पण व्यवहार पुरा झाल्यावर खोलीचें काय होतें, यांत दोन्ही बाजूंचें हित गुंतलेलें असतें. २००८ सालीं जपानच्या दाइची सांक्योनें रॅनबॅक्सी ही आपल्याकडील औषधांची कंपनी घेतली. अमेरिकेंत रॅनबॅक्सीची जी चौकशी चालली होती तिचें गांभीर्य आपल्यापासून लपविलें, अशी तिची तक्रार होती. सिंगापूरच्या लवादानें २०१६ मध्यें विकणाऱ्या प्रवर्तकांविरुद्ध सुमारें २,५६२ कोटी रुपयांचा निवाडा दिला, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें जानेवारी २०१८ मध्यें त्याची अंमलबजावणी होऊं दिली. विक्रीनंतर आठ-दहा वर्षांनींहि "काय दाखविलें आणि काय नाहीं" हा प्रश्न असा उभा राहतो. म्हणून सहीच्या दिवशीं खोली जशी होती तशीच गोठवून, सर्व कागद, यादी, प्रश्नोत्तरें आणि नोंदवही यांची कुलूपबंद प्रत दोन्ही पक्षांना देण्याची सोय असावी, तिचा दर अगोदर ठरवावा, आणि मूळ खोलींतील सर्व कागद नष्ट केल्याचा दाखला घ्यावा. कांहीं कंपन्या या शेवटच्या प्रतीसाठीं भलताच आकार लावतात, कारण त्या वेळीं विकणारा घाईंत असतो.

धंद्यांतलें गिऱ्हाईक या खेपेसहि चौथ्या महिन्यांत परत गेलें. त्याच्या माणसांनीं कोणकोणते कागद पाहिले, त्याची अठरा पानांची यादी आमच्यापाशीं होती, आणि दरांचा कागद त्यांत नव्हता. कारखाना गुंतवणूक करणाऱ्या संस्थेनें २०२३ सालीं घेतला. रात्रपाळी पुन्हां सुरू झाली, तीन मुलांपैकीं दोघे परत आले, तिसरा तोंवर पुण्यास गेला होता.

२०२४ च्या पावसाळ्यांत नव्या मालकांच्या वकिलाचें पत्र आलें कीं, शेजारच्या गटाच्या हद्दीसंबंधींचा दावा आपण आम्हांस कळविला नव्हता, सबब नुकसानभरपाई द्यावी. माझा विद्यार्थी तें पत्र घेऊन माझ्याकडे आला. चेहरा उतरला होता. मीं म्हटलें, "अरे, तिजोरींतली ती छोटी पेन ड्राइव्ह आण पाहूं." आम्हीं दोघांनीं यादी उघडली. हद्दीचा दावा सातव्या खणांत तिसऱ्या क्रमांकावर होता, वर माझें चार ओळींचें इंग्रजी टिपण होतें, आणि त्याच वकिलाच्या कचेरींतून तो कागद दोनदां उघडला गेला होता, दुसऱ्या खेपेस एकोणीस मिनिटें. तारीख आणि वेळ घालून उत्तर पाठविलें. पुढें त्यांचें पत्र आलें नाहीं.